सातव्या रकान्यात मी लिहिलं ते

अन्याय झाला तो विमल फुईवर आणि तिच्याबरोबरच्या दहा बायकांवर. केव्हा झाला तेही सांगते. मी बारावीची परीक्षा देऊन घरी बसले होते त्या उन्हाळ्यात, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या सोमवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास. जागा जळगावच्या पिंप्राळ्यातली, आमच्या वस्तीमागची ओपन स्पेस. पत्रक लिहायला शिकले तेव्हा मला सांगितलं होतं की पहिल्या तीन ओळींत तीन गोष्टी आल्याच पाहिजेत: कोणावर, केव्हा आणि कोणी केला. पहिल्या दोन झाल्या. तिसरीचं उत्तर मी आजवरच्या प्रत्येक पत्रकात एका दमात दिलं आहे. इथे तसं जमणार नाही, तुम्हाला थोडा वेळ बसावं लागेल.

फुई म्हणजे वडिलांची थोरली बहीण. शाळेतल्या मुली आत्या म्हणायच्या, आमच्यात फुई. ती नवरा वारल्यावर पारोळ्याकडून भावाच्या दाराशी आली आणि आमच्या दोन खोल्यांना लागून पत्र्याची एक खोली करून राहिली. वडील रिक्षा चालवायचे, आई दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटायला जायची, आणि मला वाढवलं ते बहुतेक फुईनं. वर्षाचे आठ महिने ती दालमिलमध्ये डाळ निवडायला जायची. संध्याकाळी परत आली की तिच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत. भुवया धुतल्या जायच्या, खोकला राहायचा. उरलेले चार महिने मात्र तिचे स्वतःचे. होळी झाली की दालमिलला रामराम, आणि ओपन स्पेसवर बिबडे.

बिबडा ज्यांनी खाल्ला नाही त्यांच्यासाठी सांगते: तो ज्वारीचा पापड, पण पापड म्हटलेलं फुईला चालायचं नाही. तीन दिवस भिजवलेली ज्वारी, तिचं जाडसर दळण, आणि पहाटे मोठ्या पातेल्यात रटरटणारा घाटा. त्यात तीळ, जिरं, लसूण, मिरची. शिजत आला की त्याचा आंबूस वास आमच्या खिडकीतून आत यायचा आणि आम्ही पोरं ताटल्या घेऊन पळायचो. गरम घाट्यात बोटानं खळगा करायचा, त्यात कच्चं तेल ओतायचं आणि तोंड भाजत खायचं. नंतरच्या आयुष्यात मी बऱ्याच ठिकाणी जेवले, सभांच्या पंगतीत आणि परिषदांच्या हॉटेलांतही, पण जीभ भाजण्याची पर्वा न करता खाल्लं ते तिथेच. ऊन वर यायच्या आत बायका खाटांवर ओली लुगडी पसरायच्या आणि दुपारपर्यंत पाण्यात हात बुडवून घाटा थापायच्या. थप, थप, थप, अकरा जणींचे हात. माझ्या लहानपणाला आवाज असेल तर तो हा.

कामाची रीत ठरलेली होती. आज एकीच्या घरचे बिबडे, उद्या दुसरीच्या घरचे, आणि थापायला सगळ्या. ज्या घरचं काम तिनं पाणी आणायचं. पाणी ही एकच अडचण. नळ वस्तीच्या पुढच्या टोकाला, ओपन स्पेस मागच्या टोकाला, आणि बिबड्याला पाणी लागतं ते लग्नघरासारखं. मी कितीतरी सकाळी फुईच्या कमरेवरचा हंडा डचमळताना पाहिला आहे. तिचे बिबडे चांगले खपायचे. पुण्या-मुंबईच्या लेकीबाळींना आया ते पार्सलनं पाठवायच्या, भुसावळच्या रेल्वे कॉलनीतून बायका घरी शोधत यायच्या. फुईचं एक स्वप्न होतं आणि ते ती रोज बोलून दाखवायची. ओपन स्पेसवर एक नळ यावा, एक सिमेंटचा ओटा व्हावा आणि चुलीच्या बाजूला सावली. तेवढं झालं की पावसाळा सोडून वर्षभर बिबडे करता येतील आणि दालमिलचं तोंड पुन्हा पाहायला नको. आई तिला चिडवायची, "अक्का, ओटा झाला की त्यावर तुमचा फोटो लावू." फुई म्हणायची, फोटोले वाळत घालशी का?

माझं स्वप्न वेगळं होतं. दोन खोल्यांत, स्टोव्हच्या आवाजात, भावाच्या क्रिकेटच्या कॉमेंटरीत मी बारावीचा अभ्यास केला होता. विहाराच्या ओसरीवर बसायचे तर दर पंधरा मिनिटांनी कोणीतरी विचारायचं, काय वाचतेस गं. मी जयंतीला भाषणं करायचे, मंडळाची पत्रकं लिहायचे, वस्तीतला कुठलाही अर्ज माझ्याच अक्षरात जायचा. आमच्यात शिक्षणाला काय मान आहे हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. उपाशी राहू पण पोर शाळेत घालू, हे आमच्याकडे भिंतीवर लिहावं लागत नाही. लिहिता येणाऱ्या पोरीला म्हातारी माणसंसुद्धा खुर्ची द्यायची. मला सतराव्या वर्षी ती खुर्ची मिळाली होती, आणि तिच्यावर बसलं की सगळं जरा वरून दिसतं.

तर त्या सोमवारी कंपनी आली. धुळे रस्त्यावर प्लॅस्टिकच्या बाटल्या करणारी ती मोठी कंपनी. नाव लिहीत नाही, त्यांच्याविषयी पत्रकांत मी पुष्कळ लिहिलं आहे आणि हे प्रकरण त्यांच्यासाठी नाही. कंपनीनं आजूबाजूच्या वस्त्यांसाठी काहीतरी करायचं ठरवलं होतं आणि विचारायला देवरे सरांना पाठवलं होतं. देवरे सर धुळ्याचे, वयानं तरुण, समाजकार्य शिकलेले. खरं सांगायचं तर माणूस चांगला होता. खाटेच्या कडेवर बसला, ताटलीतला घाटा मागून खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं तरी संपवला. मग त्यानं पिशवीतून फॉर्म काढला आणि लिहिणारं कोण आहे म्हणून विचारलं. अकरा जणींनी माझ्याकडे बोट केलं.

फुईनं हात पदराला पुसले आणि एकेक शब्द तोलून सांगितलं, "आम्हले पानी जोयजे. वटा जोयजे. आनी वरतून सावली. बस." म्हणजे आम्हाला पाणी पाहिजे, ओटा पाहिजे आणि वर सावली. बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. देवरे सर म्हणाले, छान. आणि घड्याळ बघत मला हळूच म्हणाले की सातव्या रकान्यात गरज लिहायची आहे, पण जागा एकाच गोष्टीची आहे. "आणि जरा दिसेल असं लिही, ताई. नळाचा फोटो मुंबईला पाठवला तर साहेब विचारतात, हे काय?"

त्या रकान्याकडे मी किती वेळ पाहत होते कोण जाणे. आता वाटतं फार वेळ नसेल, कारण थापण्याचा आवाज थांबला नव्हता. मला खरंच वाटलं होतं की मी वस्तीचं भलं करते आहे. ओट्यापेक्षा पुस्तक मोठं, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. बायका आज ओटा मागतात, पण त्यांच्या पोरींनी उद्या बिबडे थापावेत का? असं मी मनात म्हणाले, अगदी भाषणात म्हणतात तसं. त्या पोरींत मी पहिली होते, हे मनात म्हणाले नाही. मी सातव्या रकान्यात लिहिलं: अभ्यासिका.

देवरे सर म्हणाले, सगळ्यांना वाचून दाखव आणि सह्या घे.

मी उभी राहिले आणि वाचून दाखवलं. कागद डोळ्यांसमोर धरला, आणि वाचलं ते असं: "पाण्याचा नळ, सिमेंटचा ओटा, वर सावली." देवरे सर तेव्हा फोनवर बोलत पलीकडे गेले होते. फुई शेजारणीला अभिमानानं म्हणाली, "मनी पोर लिखी राहिनी, कायजी नको." माझी पोर लिहिते आहे, काळजी नको. सात जणींना सहीपुरतं अक्षर येत होतं, त्यांनी सह्या केल्या, चौघींनी अंगठे दिले. घाट्याचे हात होते, अंगठ्याला शाई धड लागेना. फुईचा अंगठा दोनदा घ्यावा लागला. तेव्हाच साडेअकरा वाजले असतील.

पावसाळा सरला आणि ओपन स्पेसवर खांब उभे राहिले. फुईला वाटलं ओट्याला एवढे खांब कशाला. मग फलक लागला, तो तिला कोणीतरी वाचून दाखवला, आणि ती तशीच आमच्या दारात आली. मी भाजी निवडत होते. तिनं विचारलं, ओटा कुठे आहे? मी मान वर न करता म्हणाले, कंपनीनं बदललं. खोटं असं पहिल्यांदा बोलायला जड जातं म्हणतात. मला काही जड गेलं नाही, कारण कंपन्या बदलतातच, सगळ्या वस्तीला ते आधीच ठाऊक होतं. लोकांनी मान हलवली आणि मला आणखी काही बोलावं लागलं नाही.

आता कोणी विचारील की मग बायकांनी विरोध का केला नाही. कशाला करणार, आणि कोणत्या तोंडानं? उद्यानाला विरोध करता येतो, दुकानांच्या गाळ्यांना करता येतो. अभ्यासिकेला आमच्या वस्तीत कोण विरोध करील? फुईनं तर कधीच केला नसता. पोरांना बसायला जागा होतेय म्हटल्यावर ती आल्या पावली परत गेली. तिची बाजू मांडायला तिच्याकडे शब्दच राहिले नाहीत, कारण शिक्षण मोठं हे ती माझ्याआधीपासून मानत होती. पत्र्याच्या खोलीत राहून तिनंच माझ्या वह्या घेतल्या होत्या.

उद्घाटनाला मुंबईचे साहेब आले. फुईनं घरातले शेवटचे बिबडे तळले, पाहुण्यांनी ते आवडीनं खाल्ले आणि एका बाईंनी कागदावर कृतीही लिहून घेतली. मग फोटो. फुईच्या हातात एक जाड पुस्तक उघडून दिलं आणि तिला त्यात बघायला सांगितलं. तिला सहीसुद्धा येत नव्हती. तो फोटो कंपनीच्या पुस्तिकेत आला, मी पाहिला आहे. ती पुस्तकात बघत नाहीये. ती खिडकीतून पलीकडे बघते आहे, जिथे चूल होती आणि आता हिरवळ आहे, आणि हिरवळीवर पाटी: चालू नये. इमारतीत नळ आहे, पण आतल्या बाजूला, कुलपात. वर स्लॅब आहे, लखलखीत सपाट, दिवसभर ऊन खाणारी, बिबड्यांसाठी याहून चांगली जागा जळगावात सापडणार नाही. तिला तेव्हा जिना नव्हता. जिना नकाशातच नव्हता. कोणी मागितला नव्हता म्हणे.

पुढच्या होळीनंतर बायकांनी काही दिवस गल्लीत खाटा टाकून पाहिल्या. धूळ बसायची, दुचाक्या जायच्या, दळणाचा एक अख्खा घाणा मातीत गेला. एकेक जण सुटत गेली. फुई उन्हाळ्यातही दालमिलला जायला लागली. मी खिडकीजवळच्या चौथ्या खुर्चीवर बसून कॉलेजचा अभ्यास करायचे. पंखा होता, शांतता होती, थप थप नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला ती जागा फार आवडायची. त्या खुर्चीनं मला धुळ्याच्या समाजकार्याच्या कॉलेजात नेलं. मी आज जी काही आहे ती त्या खुर्चीमुळे आहे, आणि हे लिहिताना मला अजून कळत नाही की या वाक्याचं करायचं काय.

धुळ्यात मी पत्रकांत वाढले. कंपन्या देणग्या कशा देतात, कोणाला विचारतात, फोटो कोणाचे छापतात, यावर मी बोलायला लागले आणि लोक ऐकायला लागले. देवपुरातल्या एका खोलीत आम्ही चार-पाच जण चहावर चहा पीत पत्रकं लिहायचो. तिथेच मी माझं सगळ्यात गाजलेलं पत्रक लिहिलं. मथळा होता: विमलअक्काचा ओटा कोणी पळवला? उत्तर अर्थात कंपनीनं. भाषा धारदार होती. बायकांनी मागितलं एक, कंपनीनं लादलं दुसरं, असं सरळ लिहिलं होतं. मित्र म्हणाले, आग आहे आग. मला स्वतःलाही तोवर ते खरं वाटायला लागलं होतं. वारंवार छापलेली गोष्ट लिहिणाऱ्यालाही खरी वाटते, हे मी इतरांविषयी अनेकदा लिहिलं आहे.

सुट्टीत ते पत्रक घेऊन मी जळगावला आले. फुईला आनंद होईल अशी माझी कल्पना. ती उन्हात पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत बसली होती. मी तिच्यासमोर बसून पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, या वेळी लिहिलं होतं तसंच. वाचून झाल्यावर तिनं कागद माझ्या हातातून घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला आणखी काही असेल. मग तो परत माझ्या मांडीवर ठेवला.

"यामा तुनं नाव कोठे शे?" ती म्हणाली. यात तुझं नाव कुठे आहे?

मी म्हणाले, पत्रकाला लिहिणाऱ्याचं नाव नसतं फुई, ते संघटनेचं असतं.

"ते नही इचारं मी." म्हणजे ते नाही विचारलं मी.

मग तिनं सांगितलं. उद्घाटनाच्या दिवशी देवरे सर तिच्या पाया पडले होते आणि म्हणाले होते, तुमच्या भाचीचं अक्षर काय सुंदर आहे, तिनं अर्जात अभ्यासिका लिहिलं म्हणून हे सगळं उभं राहिलं. बिचाऱ्यानं कौतुकानं सांगितलं होतं. म्हणजे फोटोत खिडकीबाहेर पाहत असताना तिला ठाऊक होतं. गल्लीतल्या धुळीत घाटा गेला तेव्हा ठाऊक होतं. मी रोज चौथ्या खुर्चीवर जाऊन बसायचे आणि ती दालमिलला जाताना खिडकीतून मला हात करायची, तेव्हाही. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती तेलाची वाटी सरकवत म्हणाली, पोरगी शिकत होती, मध्येच काय बोलायचं. तिनं हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिनं ते असं म्हटलं, जसं पाऊस होता म्हणून बाहेर पडले नाही.

त्या दिवशी मी ते पत्रक फाडलं नाही. फाडायला हवं होतं, किंवा खाली चार ओळी लिहायला हव्या होत्या. मी ते पुढे दोन वर्षं वाटलं. कारण चळवळीला ते उपयोगी होतं, कारण मोठ्या गोष्टीपुढे माझी एक चूक काय, कारण खरं सांगितलं तर कंपनी म्हणेल की आम्ही मागितलं तेच दिलं. ही तिन्ही कारणं मी त्या वेळी मोठ्या आवाजात सांगू शकले असते. सातव्या रकान्याजवळ उभी असतानाही माझ्याकडे अशीच चांगली कारणं होती.

आणि हो, कंपनी तसं म्हणेलच. हे पान त्यांचा माणूस पुढे करील, करू दे. त्यालाही एक सांगून ठेवते. तुमच्या माणसानं घाटा खाल्ला, अकरा बायकांना तोंडानं सांगताना ऐकलं, आणि कागदावर वेगळा शब्द आला तेव्हा एका शब्दानं विचारलं नाही, कारण तो शब्द फोटोला बरा होता. ज्या गरजेचा फोटो निघत नाही ती गरज तुमच्या फॉर्ममध्ये मावत नाही. तुम्ही एकच रकाना ठेवलात आणि मी तो चोरला. दोघांनी मिळून केलं. माझा वाटा मी आज घेते आहे, तुमचा तुम्ही कधी घेता ते बघू.

गेल्या वर्षी अभ्यासिकेला बाहेरून लोखंडी जिना झाला. वस्तीतल्या पोरींनीच अर्ज केला, माझ्याकडून एक ओळ लिहून घेतली नाही. स्लॅबवर आता पुन्हा बिबडे वाळतात आणि खाली वाचणारी पोरं कुरकुरतात की वर थपथप होते. फुईला जिना चढवत नाही. गुडघे गेले, आणि दोन पायऱ्यांवरच खोकला तिला खाली बसवतो. ती खाली खुर्ची टाकून बसते आणि वर ओरडून सांगते की लुगडं नीट भिजवलं नाही, वास येतो आहे. नऊ उन्हाळे तिला दालमिलला जावं लागलं नसतं, जर मी त्या दिवशी फक्त लिहिलं होतं ते वाचलं असतं. कोणीतरी नक्की म्हणालं असतं, हे काय गं सुजाता, आम्ही हे कुठे सांगितलं.

हे प्रकरण छापायला देण्याआधी मी फुईला वाचून दाखवलं. सुरुवात करणार तोच तिनं हात वर केला आणि शेजारच्या घरून दहावीतल्या पोरीला हाक मारली. माझ्या हातातली पानं काढून त्या पोरीच्या हातात दिली आणि म्हणाली, आता हिला वाचू दे. मी भिंतीला टेकून ऐकत बसले. पोरगी अडखळत, न गाळता सगळं वाचत गेली, अंगठा दोनदा घेतला तेही, चौथी खुर्चीही. शेवटी फुई म्हणाली, "आते बराबर शे." आता बरोबर आहे. एवढंच. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मी विचारलं नाही.

तुमच्या गल्लीतही उद्या कोणीतरी फॉर्म घेऊन येईल. कंपनी असेल, संस्था असेल, माझ्यासारखी कोणी पत्रकवाली असेल. तुमच्या वतीनं लिहायला तुमच्याच घरातलं शिकलेलं पोर पुढे येईल आणि तुम्हाला त्याचा अभिमान वाटेल. लिहू द्या. पण सही करण्याआधी तो कागद त्याच्या हातातून काढून घ्या, दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्या, आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून घ्या. तुमच्या तोंडचा शब्द त्यात नसेल तर अंगठा देऊ नका.